संस्थाश्रित वार्धक्य आणि सामाजिक विलगता : शिरूर-दौंड परिसराच्या इतिहासातील एक प्रकरण

वृद्धाश्रम ही अगदी अलीकडची संस्था असून एकत्र कुटुंबपद्धती मोडल्यामुळे ती उदयास आली, असे विधान सर्रास केले जाते. या विधानात दोन गृहीतके अंतर्भूत आहेत. पूर्वीच्या कुटुंबात वृद्धांना एकाकीपण ठाऊक नव्हते, हे पहिले; आणि संस्थेत राहावयास गेलेली वृद्ध व्यक्ती तेवढ्यानेच समाजापासून तुटते, हे दुसरे. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता ही दोन्ही गृहीतके जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी स्थापिलेले मुक्तिसदन हे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ही संस्था वृद्धांसाठी म्हणून निघाली नव्हती. परंतु काळाच्या ओघात वार्धक्याचा प्रश्न तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. प्रस्तुत निबंधात या प्रकरणाच्या आधारे संस्थाश्रित वृद्धांच्या सामाजिक विलगतेचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभीच दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. इंग्रज समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील वृद्धांच्या कौटुंबिक जीवनावरील ग्रंथात विलगता व एकाकीपणा या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. कुटुंबाशी व समाजाशी माणसाचे संबंध संख्येने थोडे असणे ही विलगता. ती बाहेरून पाहणाऱ्यास मोजता येते. सोबत हरपल्याची नकोशी जाणीव म्हणजे एकाकीपणा. ती ज्याची त्यालाच कळते. शंभर माणसांच्या पंगतीत बसणारी वृद्धा एकाकी असू शकते, आणि वाडीच्या टोकाला एकट्याने राहणारा म्हातारा तसा नसूही शकतो. इतिहासाच्या साधनांतून एकाकीपणाचा शोध घेणे दुष्कर असते. विलगतेचा शोध मात्र घेता येतो. कारण तिची कारणे कायद्यात, मिळकतीत, धर्माचारात आणि संस्थांच्या रचनेत उमटलेली असतात.

१. प्रदेश आणि त्यातील निराधार

भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड असे हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. शिरूरच्या पूर्वेकडून वाहणारी घोड नदी पुढे भीमेला मिळते. शिरूर गावाचे घोडनदी हे दुसरे नाव त्याच नदीवरून पडले आहे. इंग्रजी अमलात आजच्या दौंडचा प्रदेश भीमथडी तालुक्यात मोडत असे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा पट्टा अवर्षणाचा. १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्धच्या उठावाची पहिली ठिणगी पडली ती तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी, आणि शिरूरच्या बाजूसही तिचे लोण पोहोचले. पाठोपाठ १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ या प्रदेशाने सोसले.

कर्ज आणि दुष्काळ यांनी गांजलेल्या अशा मुलखात काम करण्यास असमर्थ झालेल्या माणसाचे काय होत असे, हा येथे मुख्य प्रश्न आहे. गावगाड्यात कारूनारूंना बलुत्याचा हक्क होता, व तो घराण्याकडे चालत असे. म्हाताऱ्या सुताराच्या वा कुंभाराच्या वाट्याचे धान्य मुलगा काम करी तोवर घरात येत असे. ही व्यवस्था वृद्धाला पोशीत होती ती वृद्ध म्हणून नव्हे, तर चालत्या हक्काच्या घरातील एक माणूस म्हणून. घर बसले की हक्कही बसे. पीक बुडाले म्हणजे बलुतेही बुडे, आणि त्याचा पहिला फटका न कमावणाऱ्यास बसत असे.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ-संहितांनी ही स्थिती प्रथमच शासकीय भाषेत नोंदविली. धडधाकट माणसाला खडी फोडण्याचे वा तलाव खणण्याचे काम द्यावे. वृद्ध, पंगू, अंध इत्यादी असमर्थांना मात्र कामाशिवाय धान्य वा पैसा द्यावा, आणि भटक्या निराश्रितांना सरकारी निराश्रितगृहांत ठेवावे, असा त्यांचा सर्वसाधारण आशय होता. म्हणजे इंग्लंडप्रमाणे गरिबांचा कायदा हिंदुस्थानात कधीच झाला नसला, तरी दुष्काळापुरती का होईना, असमर्थ माणसाला घराबाहेरच्या एका निवाऱ्यात ठेवण्याची कल्पना येथे शिरली होती. दुष्काळ सरला की ही गृहे बंद होत. त्यांतील माणसांनी पुढे कोठे जावयाचे, याचे उत्तर संहितेत नव्हते.

२. घरातील विलगता

या प्रश्नाची दुसरी बाजू घराच्या आत होती. एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय विधवेची स्थिती सर्वपरिचित आहे. तथापि विलगतेच्या दृष्टीने तिचा विचार क्वचितच झाला आहे. केशवपन केलेली, आलवण नेसलेली, मंगल कार्यात वर्ज्य मानलेली स्त्री दहा-पंधरा माणसांच्या घरात राहत असे, कष्टही उपशीत असे. परंतु घरातील देवघेवीच्या, आनंदाच्या आणि निर्णयाच्या प्रत्येक प्रसंगातून ती वगळलेली असे. टाउनसेंड यांची कसोटी शब्दशः लावली तर तिला विलग म्हणता येणार नाही, कारण तिच्याभोवती माणसे होती. तरीही समाजात तिला स्थान नव्हते. यावरून असे दिसते, की संबंधांची निव्वळ संख्या ही विलगतेची अपुरी कसोटी होय. त्या संबंधांत माणसाला काही देता-घेता येते की नाही, हेही पाहिले पाहिजे.

या वगळण्यास कायद्याचा आधार होता. मिताक्षरा पद्धतीच्या अविभक्त कुटुंबात विधवेला पतीच्या हिश्शाचा वारसा मिळत नसे. तिचा हक्क अन्नवस्त्रापुरता. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहास मान्यता दिली, परंतु पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क सोडावा लागे. पतीच्या हिश्शात विधवेला मर्यादित का होईना, पण वाटा मिळाला तो १९३७ च्या कायद्याने. तोवर वैधव्यात म्हातारी झालेली स्त्री दीर-पुतण्यांच्या मर्जीवर जगत होती. तिने काशी, पंढरपूर किंवा आळंदी यांसारख्या क्षेत्राची वाट धरली, तर त्यात भक्तीचा भाग असेच. परंतु घरात जागा नसलेल्या माणसाला प्रतिष्ठेने घर सोडण्याचा तो एक समाजमान्य मार्गही होता.

३. केडगाव येथील स्थापना

रमाबाईंना हा अनुभव परका नव्हता. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण पुराण सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या आईवडिलांबरोबर गेले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, वार्धक्याने व अन्नावाचून खंगलेल्या अवस्थेत, मरण पावले. पाठोपाठ आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण गेली. आईचे प्रेत वाहून नेण्यास पुरेसे ब्राह्मण मिळेनात, तेव्हा चौथ्या जागी स्वतः रमाबाई उभ्या राहिल्या, आणि उंची कमी असल्यामुळे त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला, असे त्यांनी आत्मनिवेदनात सांगितले आहे. विद्वान घराण्यातील वृद्ध दांपत्य गावगाड्याच्या व नात्यागोत्याच्या बाहेर पडले, की शेवटच्या घडीला चार खांदेकरीही दुर्मिळ होतात, हे त्यांनी सोळाव्या वर्षी पाहिले होते.

पुढे पतिनिधन, १८८२ मधील पुण्यातील आर्य महिला समाज, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलेली ख्रिस्ती धर्माची दीक्षा, अमेरिकेतील वास्तव्य आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन, हा इतिहास सुविदित आहे. शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले. तेथे उच्चवर्णीय विधवांना आपापला आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकल्याचे दिसताच १८९३ मध्ये वादळ उठले, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. यानंतर हिंदू समाजातील प्रतिष्ठितांशी संस्थेचा दुवा क्षीण झाला, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेथील निराश्रितगृहे त्यांनी पाहिली आणि शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी आपल्याबरोबर आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली. इतक्या माणसांना शहरात ठेवणे अशक्य झाल्याने, मुंबई-सोलापूर लोहमार्गावर, पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या केडगाव येथे आधीच घेऊन ठेवलेल्या जमिनीवर त्यांना नेण्यात आले. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही स्त्रिया व मुली आल्या, आणि तेथील रहिवाशांची संख्या सुमारे २,००० वर गेली.

ही वस्ती एका छपराखालची नव्हती. मुख्य मुक्तिसदनाशिवाय पतित ठरविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन, मुलांसाठी सदानंद सदन आणि वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीतिसदन अशी निरनिराळी गृहे निघाली. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने अंधांना ब्रेल लिपी शिकविण्याची व्यवस्था केली. शेती, दुग्धालय, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग सुरू झाले. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामे स्त्रियाच करीत. नव्याने आलेल्या दुष्काळग्रस्त मुली आधी आलेल्या मोठ्या मुलींच्या हवाली केल्या जात.

या रचनेत दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. वय, व्यंग व पूर्वेतिहास यांनुसार गृहे वेगळी केली होती. पण काम, प्रार्थना आणि शिक्षण यांमुळे ती एकमेकांशी जोडलेली राहिली. प्रीतिसदन हे केवळ वृद्धांचे घर असले तरी वृद्धांचे गाव नव्हते. त्याच्या आवारातच शाळकरी मुली होत्या, तान्ही मुले होती, चालते उद्योग होते. भारतातील पुढच्या काळातील अनेक वृद्धाश्रमांपासून ते वेगळे पडते ते नेमके येथे.

४. संस्थेत आलेले वार्धक्य

१९०० मध्ये १५ वर्षांची असलेली मुलगी १९४५ मध्ये ६० वर्षांची झाली. हा साधा हिशेब मुक्तिसदनाचा पुढील इतिहास समजण्यास पुरेसा आहे. प्रीतिसदनात आलेल्या पहिल्या वृद्धा बाहेरून वार्धक्य घेऊन आल्या होत्या. त्यानंतरच्या पिढीने वार्धक्यात पाऊल टाकले ते संस्थेच्या आतच. मधल्या काळात अनेक जणींची लग्ने झाली. कोणी शिक्षिका, कोणी परिचारिका, कोणी धर्मप्रचारिका म्हणून बाहेर पडल्या. मागे राहिल्या त्यांत अंध, पंगू, मतिमंद आणि ज्यांच्या घरचा पत्ताच दुष्काळात हरवला होता अशा स्त्रियांचे प्रमाण स्वाभाविकपणे अधिक असणार, असे अनुमान करता येते. बाहेर पडण्याची वाट जिला नव्हती तीच संस्थेत म्हातारी झाली.

अशा स्त्रीच्या विलगतेचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. आतल्या अंगाने पाहिले तर तिची स्थिती त्या काळच्या अनेक घरांतील विधवेपेक्षा निःसंशय बरी होती. तिला नावाने हाक मारणाऱ्या समवयस्क स्त्रिया होत्या. दुष्काळाची तीच आठवण वागविणाऱ्या सोबतिणी होत्या. शक्य तोवर काम होते. मोठी झालेली पोरकी मुलगी तिला आईच्या जागी मानील असा संभव होता. काही जणी गुजराती, काही जणी मध्य प्रांतातील बोली बोलणाऱ्या, तर काही मराठी. त्या सर्वांना मराठी ही कालांतराने समाईक भाषा झाली. रक्ताचे नाते नसताना कौटुंबिक संबंधांचे एक जाळे तेथे विणले गेले.

बाहेरच्या अंगाने मात्र चित्र पालटते. केडगाव, यवत, पाटस येथील गावकऱ्यांच्या दृष्टीने हे बाटलेल्यांचे आवार होते. गावातील देवकार्य, लग्नकार्य, जत्रा, हरिनामसप्ताह यांत तेथील स्त्रियांना जागा नव्हती, आणि धर्मांतरामुळे माहेरचा धागाही तुटलेला होता. संस्थेचा पत्रव्यवहार चाले तो इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाशी. संस्थेचे 'मुक्ती प्रेयर बेल' हे नियतकालिक इंग्रजीत, दूरच्या आश्रयदात्यांसाठी निघे. केडगाव स्थानकावर आगगाडी थांबत असल्यामुळे ही वस्ती जगाशी जोडली गेली. परंतु दोन कोसांवरच्या वाडीशी तिचे जाणे-येणे त्यामानाने थोडेच राहिले. आतून दाट आणि बाहेरून विरळ असे हे संबंधांचे रूप होते. आणि संस्थेची बरीचशी साधने आश्रयदात्यांना उद्देशून लिहिलेली असल्यामुळे त्यांत संस्थेची सेवा दिसते; सेवा घेणाऱ्या म्हाताऱ्या स्त्रीचा स्वतःचा आवाज सहसा ऐकू येत नाही. संशोधकाने ही मर्यादा ध्यानात घेऊनच त्या साधनांचा उपयोग केला पाहिजे.

स्वतः रमाबाईंचा उत्तरकाळही याच आवारात गेला. त्यांना ऐकू कमी येत असे. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालविले होते. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतराचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रवणशक्ती क्षीण झालेल्या, अपत्य गमावलेल्या वृद्धेच्या बाबतीत विलगतेची सारी लक्षणे येथे जमली होती; तरीही ज्या कामात इतर अनेक हात गुंतलेले होते असे काम तिच्याजवळ होते. एका असामान्य व्यक्तीवरून सर्वसामान्यांविषयी सिद्धांत काढणे योग्य नव्हे. तथापि छापखान्यात काम करणाऱ्या ज्या स्त्रियांमुळे ते पुस्तक पूर्ण झाले, त्यांनाही त्या कामाने वाटा दिला होता, एवढे म्हणता येते.

५. शिरूरची छावणी : एक प्रतितुलना

भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात, याच प्रश्नाचे दुसरे रूप पाहावयास मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूर ही इंग्रज कंपनीच्या फौजेची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी याच तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे लढलेली तुकडी शिरूरहूनच निघाली होती. या फौजांत महार, मराठा, मुसलमान इत्यादी अनेक जातिधर्मांचे शिपाई होते. नोकरीची ठराविक वर्षे भरलेल्या वा जखमी झालेल्या शिपायास निवृत्तिवेतन देण्याची कंपनीची पद्धत होती, आणि ते घेऊन तो बहुधा आपल्या गावी जाऊन राही. म्हातारपणी हातात येणारी रोख रक्कम, तीही मुलाच्या कमाईवर वा गावच्या बलुत्यावर अवलंबून नसलेली, ही या मुलखात नवीनच गोष्ट होती.

तिचे सामाजिक परिणाम शिरूरपेक्षा कोकणातील दापोली येथे अधिक स्पष्ट दिसतात. तेथेही कंपनीची छावणी होती, निवृत्त शिपायांची पलटण होती, आणि पुढे निवृत्तिवेतनधारक महार व इतर शिपायांची वसाहतच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकर यांनी अनार्यदोषपरिहारक मंडळी स्थापन केली, अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले, आणि महारांची लष्करातील भरती बंद झाल्यावर तीविरुद्ध अर्जही तयार केला. समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते असे हे वृद्ध गृहस्थ सार्वजनिक जीवनात मात्र एकटे नव्हते. स्वतःचे उत्पन्न, समान पूर्वायुष्य असलेले सोबती आणि सार्वजनिक कार्य या तीन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या.

केडगावच्या वृद्धेशी त्यांची तुलना केली असता एक महत्त्वाचा फरक जाणवतो. सोबती आणि काम दोघांजवळही होते. परंतु उत्पन्न शिपायाचे स्वतःचे होते, तर केडगावच्या वृद्धेचे पोषण संस्थेच्या हातात होते. शिपाई आपल्या बळावर गावातील संबंधांत भाग घेऊ शकत होता. वृद्धेला बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा संस्था हाच एक होता. तो दुवा सैल झाला की ती साऱ्या जगापासून सुटी पडणार, हे उघड आहे.

६. कायदा आणि आजची रचना

स्वातंत्र्योत्तर काळातील कायद्यांनी प्रथम कुटुंबाच्या जबाबदारीवर भर दिला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचा हक्क पत्नी व अपत्ये यांच्यापुरता होता. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध व दुर्बल मातापित्यांचा निर्वाह करण्याचे बंधन मुलगा व मुलगी या दोघांवरही घातले. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाने सर्व धर्मांच्या मातापित्यांना पोटगी मागण्याचा मार्ग खुला केला. निवृत्तिवेतनाचे तत्त्व मात्र सामान्य वृद्धापर्यंत उशिरा पोहोचले. महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, आणि १९९५ मध्ये केंद्र शासनाने निराधार वृद्धांसाठी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले.

१९९५ मध्येच राज्य शासनाने स्वयंसेवी संस्थांमार्फत मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आखली. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या १९ व्या कलमात, राज्यांनी टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम काढावा आणि त्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय असावी, अशी तरतूद आली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्के या प्रमाणापेक्षा ते अधिक होते. तेव्हा निवाऱ्याची गरज वाढत जाणार, हे स्पष्टच आहे.

परंतु कायद्याची भाषा खाटांची आहे. १५० माणसांची सोय झाली की नाही, हे मोजता येते. त्या १५० जणांना भेटावयास कोण येते, ते कोणासाठी काही करू शकतात की नाही, शेजारच्या गावात त्यांना कोणी ओळखते की नाही, हे प्रश्न १५० या आकड्यात येत नाहीत. इंग्लंडनेही हा अनुभव घेतला होता. तेथील जुना गरिबांचा कायदा १९४८ मध्ये संपुष्टात आला. त्यानंतर टाउनसेंड यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धगृहांची पाहणी करून १९६२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक ठिकाणी जुन्या निराश्रितगृहांच्याच इमारतींत नव्या नावाची गृहे चालू होती, आणि तेथील वृद्धांना व्यवसाय, आप्त, शेजार आणि स्वतःच्या दिनक्रमावरील सत्ता या सर्वांना मुकावे लागत होते, असे त्यांना आढळले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये ज्या संस्थांना सर्वंकष संस्था म्हटले, त्यांत निजणे, काम करणे व करमणूक या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली व एकाच सत्तेखाली घडतात. मुक्तिसदनालाही हे वर्णन बऱ्याच अंशी लागू पडते. पण तेथे वयांचे मिश्रण आणि उत्पादक काम असल्याने त्या सर्वंकषतेची धार बोथट झाली होती. केवळ वृद्धांसाठी आणि केवळ विश्रांतीसाठी काढलेल्या गृहात ती धार बोथट करणारे काही उरत नाही.

शिरूर व दौंड यांचे रूपही दरम्यान पालटले आहे. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, कालव्याच्या पाण्यावरील ऊस, साखर कारखाने आणि पुणे शहराची वाढ यांमुळे या तालुक्यांत बाहेरून माणसे येतात आणि येथील तरुण बाहेर जातात. शहराच्या परिघावर जमीन त्यामानाने स्वस्त मिळत असल्याने शहरातील वृद्धांसाठी गृहे काढण्यास असे तालुके सोयीचे ठरतात. मग शहरातील वृद्ध अशा ठिकाणी येतो, जेथे त्याचे नातेवाईक नाहीत, शेजारी नाहीत, आणि ज्याची बोली व व्यवहार त्याच्या परिचयाचे नाहीत. केडगावी दुष्काळाने जे घडविले, ते येथे जमिनीचा भाव घडवितो. दुष्काळग्रस्त मुलगी लहान वयात आली होती, आणि नवी नाती जोडण्यास तिच्यापुढे सारे आयुष्य होते. पंचाहत्तराव्या वर्षी आलेल्या माणसापाशी ती सवड नसते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून निघणारे निष्कर्ष असे. पहिला, विलगता ही संस्थेबरोबर जन्मलेली नाही. विधवेच्या रूपाने ती भरल्या घरातही होती, आणि तिला मिळकतीच्या कायद्याचा आधार होता. दुसरा, संस्थेतील विलगतेला आतली व बाहेरची अशी दोन अंगे असतात. मुक्तिसदनाने आतले अंग बऱ्याच प्रमाणात सांभाळले; बाहेरचे अंग धर्मांतराच्या वादामुळे, गावाच्या सोवळेपणामुळे आणि दूरच्या आश्रयावरील अवलंबनामुळे दुबळे राहिले. याचा दोष एकट्या संस्थेच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. दार दोन्ही बाजूंनी लोटलेले होते. तिसरा, वृद्धाच्या हाती स्वतःचे उत्पन्न असेल तर समाजाशी त्याचा व्यवहार टिकण्याचा संभव वाढतो, ही गोष्ट निवृत्त शिपायांच्या उदाहरणावरून दिसते.

याच निष्कर्षांतून आजच्या संस्थांच्या परीक्षणासाठी चार प्रश्न मिळतात. तेथील वृद्धाला दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही काम आहे काय. त्याच्या सहवासात त्याच्याहून लहान वयाची माणसे आहेत काय. त्याच्या हाती स्वतः खर्च करता येईल अशी काही रक्कम राहते काय. आणि संस्था ज्या गावात आहे त्या गावाच्या बाजारात, देवळात, शाळेत वा ग्रामसभेत त्याचे जाणे-येणे आहे काय. हे चारही प्रश्न मोजता येण्याजोगे आहेत. संस्थांच्या प्रवेशनोंदी, भेटीला येणाऱ्यांच्या वह्या, गावच्या शाळांशी असलेला संबंध आणि रहिवाशांच्या मुलाखती यांवरून त्यांची उत्तरे मिळविता येतील. रहिवाशांच्या मुलाखतींना यात अग्रस्थान दिले पाहिजे. प्रीतिसदनातील वृद्धांचे स्वतःचे शब्द आज हाती लागणे कठीण आहे. त्यांच्याविषयी जे कळते ते बहुतांशी इतरांच्या लेखणीतून. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने केडगावची संस्था आजही कार्यरत आहे, आणि भीमेच्या दोन्ही तीरांवरील वृद्धांच्या आठवणी अद्याप नोंदविता येण्याजोग्या आहेत. हे काम आणखी पंधरा-वीस वर्षांनी करू म्हटल्यास त्यासाठी माणसे उरणार नाहीत.